मुठीवरचे तेल

मित्रांनो, माझे वाकडे टोक पाहून कोणी मला म्हाताऱ्याची काठी समजते, तर कोणी बोरे पाडायची आकडी. परवा शेजारच्या बाईने माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला. आता काय बोलायचे? मी एक जुनी हॉकीस्टिक आहे. दौंडला लोको शेडच्या मागच्या चाळीत, लालमहंमद मास्तरांच्या दाराआड मी उभी असते. माझ्याशी सहसा कोणी बोलत नाही, म्हणून आज मीच बोलते.

माझा जन्म पंजाबातला. तुतीच्या लाकडाला वाफ देऊन कारागिरांनी मला वाकवले, घासून गुळगुळीत केले आणि मुठीला सुती पट्टी घट्ट गुंडाळली. तिथून आगगाडीने मी दौंडला आले ती एका गार्डसाहेबाकडे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी साहेब विलायतेला निघाला. त्याने पियानो विकला, कोंबड्या वाटून टाकल्या आणि मला शेडमधल्या एका तरुण फिटरच्या हाती दिले. तो फिटर म्हणजे लालमहंमद.

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. लालमहंमद रेल्वेच्या संघातून खेळत. शेडमधली राख पसरून केलेल्या त्या काळ्या मैदानावर चेंडू सरळ पळायचा आणि मी त्याच्या मागे. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हते, घरात थोरली बहीण नूरबी तेवढी. अशा वेळी शिरूरला एक लहानसे कॉलेज निघाले आणि तिथल्या पोरांना हॉकी शिकवायला मास्तरांना बोलावणे आले. मित्रांनो, त्या बोलावण्याने आमचे घर पुन्हा हलू-बोलू लागले.

दर शनिवारी ड्यूटी संपली की मास्तर एस.टी.त बसत आणि मी त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी राही. "मास्तर, हिचं अर्धं तिकीट काढा की," असे कंडक्टर दर शनिवारी म्हणे आणि मास्तर दर शनिवारी हसत. शिरूरचे मैदान मुरमाचे. पोरे शेतकऱ्यांची, बरीचशी अनवाणी. त्यात इनामगावचा बाळासो होता. त्याच्या घरी झेंडूचा मळा. पहाटे फुले तोडून तो कॉलेजला यायचा, म्हणून त्याच्या बोटांना कायम झेंडूचा वास असे. तो चेंडू घेऊन निघाला की मास्तर मला छातीशी धरून ओळीवर थांबत. मला त्याचा थोडा हेवाही वाटे, हे कबूल करते.

एकसष्ट साली आमचा संघ पुण्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोहोचला. शिरूरला नुसता उत्साह. तेलघाणीवाले पोपटराव आमच्या चाहत्यांचे पुढारी. त्यांनी जवसाच्या तेलाची बाटली पाठवून दिली. स्टिकला जवसाचे तेल द्यायचे असते, पण ते फक्त खालच्या लाकडाला. दिल्यावर आठ दिवस सावलीत टांगायचे. मुठीला थेंबही लागू द्यायचा नाही. हे मास्तरांनीच पोरांना शिकवले होते, आणि पोरांच्या स्टिका त्यांनी बाटली आली त्याच दिवशी तशाच रीतीने तयार केल्या होत्या.

मला मात्र त्यांनी सामन्याच्या दिवशी सकाळी हाती घेतले. मी खेळणार नव्हतेच, नुसती त्यांच्याबरोबर जाणार होते. पण शेडमधल्या फिटरला एक सवय असते. इंजिन बाहेर काढायच्या आधी सगळीकडे तेल दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मास्तर त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी फडके भिजवून मला टोकापासून वरपर्यंत पुसले. मुठीसकट. आणि मी? मीही लाड करून घेत राहिले.

सामन्याच्या उत्तरार्धात बाळासोची स्टिक मोडली. दोन्हीकडे एक-एक गोल, घड्याळात थोडी मिनिटे. मास्तरांनी मला त्याच्या हातात दिले आणि तो पळाला. तो पळाल्यावर मास्तरांनी आपल्या तळव्याकडे पाहिले. तळवा चकाकत होता. हाक मारायला वेळ होता, मित्रांनो. त्यांनी तोंड उघडलेही, पण हाक बाहेर आली नाही. निभावेल, असे त्यांना वाटले.

निभावले नाही. बाळासो गोलसमोर एकटा पोहोचला, पुढे फक्त समोरच्यांचा गोलकीपर. त्याने मला फिरवले आणि मी त्याच्या हातात वळले. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. लगेच समोरच्यांनी गोल केला आणि शिट्टी झाली. मास्तरांनी मला बाळासोच्या हातातून घेतले, पोत्यात गुंडाळले आणि परतीच्या वाटेवर बाकाखाली सरकवून दिले.

शिरूरला नाव झाले ते बाळासोचे. "पोराच्या हातात दमच न्हाई," असे पोपटराव घाणीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. बाजारात लोक त्याला "काय रं, फुलं तरी धरता येत्यात का?" म्हणत. त्याचा बाप म्हणाला, कॉलेज पुरे, मळ्यात राबायला चल. मास्तरांना हे सगळे कळत होते. शनिवारी एस.टी.त कंडक्टरने अर्ध्या तिकिटाची थट्टा केली तेव्हा ते हसले नाहीत.

पंधरा दिवसांनी चाहत्यांनी संघाला जेवण दिले. पोपटरावांच्या वखारीत दुपारी पत्रावळ्या मांडल्या. बुंदी, वांग्याची भाजी, आमटी-भात. मास्तरांना मानाचे पान, शेजारी शाल आणि नारळ. पुढच्या वर्षीही मास्तरच शिकवतील असे त्या दिवशी जाहीर व्हायचे होते. बाळासो पंगतीला बसला नव्हता. तो तांब्या घेऊन पाणी वाढत फिरत होता. पाणी वाढणाऱ्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

"दोन शब्द बोला, मास्तर, मग लोक घास घेत्याल," पोपटराव म्हणाले.

मास्तर उठले. मी त्यांच्या हातात होते.

"मी काय शिकलेला न्हाई," ते म्हणाले. "हारल्यावर मानूस कुनाचं तरी नाव घेतो. तुम्ही बाळासोचं घेतलं. मी ऐकत बसलो, ह्यो माझा गुन्हा. त्याचा हात सुटला न्हाई. ह्या स्टिकच्या मुठीला मी सकाळी तेल चोळलं व्हतं. त्याला देताना ध्यानात आलं न्हाई. ध्यानात आलं तवा हाक मारायची व्हती, ती बी मारली न्हाई. त्यो पळत व्हता आन् मला वाटलं, जितू आपन."

मग पोपटराव हळूच म्हणाले, "तेल आमच्याच घाणीचं व्हतं न्हवं? जेवायच्या टायमाला हे कशाला काढलं, मास्तर?"

"तेल चांगलं व्हतं, पोपटराव. लावनारा चुकला. त्या पोराचं पान मांडा."

जागा नाही, असे कोणीतरी पुटपुटले. तेव्हा मास्तरांनी बाळासोच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्याला आपल्या मानाच्या पानावर बसवले. तो मान वर करीना. शेवटी वाढायला असलेल्या रतनबाई म्हणाल्या, "जेव रं बाबा, भात गार व्हतुया." तेव्हा त्याने पहिला घास घेतला. मास्तर आणि मी एस.टी. स्टँडवर जाऊन बसलो. ते उपाशीच होते आणि त्यांना थांबवायला कोणी आले नाही.

पुढच्या वर्षी शिरूरला मास्तरांच्या जागी पुण्याचा कोच आला. शनिवार येत राहिले. मास्तर ड्यूटीवरून घरी येत आणि खाटेवर बसून राहत. त्यांनी मला दाराआड उभे केले आणि पुन्हा तेलाला हात लावला नाही. माझे लाकूड सुकले, टोकाला बारीक चीर गेली. वाळवी लागू नये म्हणून नूरबी मला अधूनमधून झाडून ठेवी, एवढाच माणसाचा स्पर्श. पण मला राग येत नसे. चुकीत मीही होते. मास्तरांनी मात्र वखारीत फक्त स्वतःचेच नाव घेतले.

त्या सामन्यानंतर चार-पाच वर्षांनी, म्हणजे गेल्या साली, एका शुक्रवारी दुपारी दारात पलटणीतला एक जवान उभा राहिला. मी त्याला वासावरून ओळखले नाही, त्याच्या बोटांना आता झेंडूचा वास नव्हता. तो बाळासो होता. पलटणीच्या संघातून खेळत होता. मास्तर नमाजाला गेले होते. तो तासभर खाटेवर बसला, माझ्याकडे पाहत. गाडीची वेळ झाली तसा उठला, नूरबीच्या हातात एक बाटली दिली आणि म्हणाला, "मास्तरांना म्हनावं, बाळासो येऊन गेला."

मास्तर आले. त्यांनी बाटलीचे बूच काढून वास घेतला. जवसाचे तेल होते. ते गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले, त्या गुडघ्यांनी, आणि परत आले. गाडी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी मला मांडीवर घेतले. फडक्याचे टोक भिजवून फक्त खालच्या लाकडाला तेल दिले. मुठीला नवी कोरडी पट्टी गुंडाळली आणि मला सावलीत टांगले. रोज बोट लावून पाहत आणि म्हणत, "अजून वलीच हाय." आठव्या दिवशी म्हणाले, "वाळली." मग त्यांनी मला हातात धरून अंगणात दोन वेळा फिरवले, इकडेतिकडे पाहिले. चेंडू नव्हता, खेळायला कोणी नव्हते. त्यांनी मला पुन्हा दाराआड उभे केले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, तेल द्या, आणि तेल वाळायला वेळही द्या. आणि तुमच्यापैकी कोणाकडे चेंडू असेल तर दौंडला लोको शेडच्या मागे या. मी आता कोरडी आहे, हातात वळणार नाही. पण आधी मला हात लावू नका. आधी "मास्तर" म्हणून हाक मारा.