प्रोग्रामचं नाव

बडनेऱ्याच्या मसाला कारखान्यात आठ वर्षं लेबलं दीक्षाच छापायची. वजन, तारीख, सारं एकेक हातानं भरून. नव्या पायलनं प्रिंटरमध्येच प्रोग्राम लिहिला. आता नुसतं वजन टाकलं की लेबल बाहेर!

"पोट्टी हुशार हाये," मालक म्हणाले, अन् सवतीची भाकर टम्म फुगलेली पाहून जळावं तसं दीक्षाचं काळीज करपलं.

आज पायल प्रोग्राम सेव्ह न करताच जेवायला गेली. रोज एकला विजेची लाइन जायची. प्रिंटर बंद पडला की सारं पुसलं जाणार होतं. त्यासाठी दीक्षाला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं.

एकला पाच मिनिटं कमी असताना आत काय लिहिलंय ते पाहायला तिनं चालता प्रोग्राम थांबवला. पडद्यावर ओळीखाली ओळ उमटली, जात्यावरच्या ओवीसारखी. बाईमाणसानं रचलेलं कसं मरू द्यावं? तिनं सेव्ह दाबलं. प्रिंटरनं नाव विचारलं.

लाइन गेली, आली. जेवून आलेल्या पायलनं प्रोग्रामची यादी उघडली.

"दीक्षाताई, याले तुमचं नाव काहून?"

"लिवलं तू, पुसता पुसता वाचोलं मीनं. आता मालकालेई यादीतलं माह्यंच नाव दाबून लेबल छापा लागते."