कडीला तेल कोणी घातलं

आमच्या घरात कुठलीही गोष्ट हळू बोलली जात नाही. सासऱ्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ताटात मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं दिवसभर भांडतात. वर्षभरात मीही त्यांच्यासारखीच ओरडायला लागले.

सासरे, म्हणजे मामंजी, बत्तीस वर्षं एका गोदामावर पहारेकरी होते. चौकी भोंग्याखालीच होती, त्यात कान गेले. पण गोदामातून एक खिळासुद्धा कधी गेला नाही, हे ते पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला जायच्या आत सांगून टाकतात. आता त्यांचा पहारा बागेतल्या पत्र्याच्या शेडवर. मागच्या खिडकीत खुर्ची, समोर शेड आणि शेडमध्ये दोन सायकली. एक त्यांची जुनी, रोज सकाळी फडक्याने पुसलेली. दुसरी माझी. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा मी घरी जाऊन धुते, बांधते. दिवसाला अकरा घरं. कामावर घेतानाच मोठ्या बाईंनी बजावलं होतं, सायकल असेल तर काम, नाहीतर नाही. माझ्या सायकलची घंटी सैल आहे, चाक नुसतं उंबऱ्याला लागलं तरी किणकिणते.

त्या महिन्यात आमच्या गल्लीतून तीन सायकली गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दोन्ही सायकलींना साखळ्या घालून शेड बंद केली की मामंजी खिडकीतून गरजायचे, "सूनबाई, कुलूप लावलंस?"

"लावलं!"

"किल्ली कुठाय? सकाळी पुसायला लागेल मला!"

"तिसऱ्या कुंडीखाली!"

एवढं झालं की आम्ही निर्धास्त. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नवऱ्याचा सगळा भरवसा शेडच्या कडीवर होता. ती गंजलेली कडी सरकवली की असली किंचाळायची की शेजारीण खिडकीत यायची. "तेल घालू नकोस हं तिला," तो म्हणायचा. "फुकटचा भोंगा आहे." माझा नवरा चष्मे बनवतो. गावाला दिसावं म्हणून दिवसभर काचा घासतो आणि घरात दिव्याखाली अंधार.

आधी कुंपणाची एक फांदी मोडलेली दिसली, नेमकी शेडसमोरची. मग शेडच्या धुळकट काचेवर तळहाताएवढी जागा कोणीतरी स्वच्छ पुसलेली. नवरा म्हणाला, मांजर असेल. मांजर काच पुसतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुला सगळीकडे चोरच दिसतात."

गुरुवारी दुपारी मी जेवायला घरी आले, सायकल आत ठेवली, कडी सरकवली. आवाज आला नाही. कडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"अहो, शेवटी घातलंत ना तेल?" मी जेवताना म्हटलं.

त्याचा घास हातातच राहिला. "मी? मला वाटलं तू घातलंस. सकाळीच बघितलं मी."

आम्ही दोघांनी मामंजींकडे पाहिलं. ते जेवून खुर्चीत डुलक्या घेत होते. त्यांनी तेल घालणं शक्य नव्हतं. ती कडी किंचाळते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

कोणीतरी आमच्या बागेत येऊन, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं, कडीला तेल घालून गेलं होतं. किल्ली कुठे असते हे तर आम्ही त्याला रोज ओरडून सांगतच होतो.

त्या दिवशी आम्ही जन्मात पहिल्यांदा कुजबुजलो.

"आत्ताच दोन्ही सायकली झोपायच्या खोलीत आणू," नवरा म्हणाला. "मी जाऊन नवीन कुलूप आणतो."

"आणि मामंजींना?"

"ओरडून सांगणार? भिंतीला कान आहेत."

"मग लिहून देते."

"ते चिठ्ठीसुद्धा मोठ्यांदा वाचतात, माहीत आहे ना?"

ते खरं होतं. मी मामंजींना सांगायचं राहू दिलं. गप्प बसायला नको होतं. साखळ्या काढून शेडमध्येच टाकल्या, घरात कशाला लागतात म्हणून. सायकली आणल्या, पलंगाला टेकवल्या. नवरा कुलूप आणायला गेला आणि मी पिशवी घेऊन शेजारच्या गल्लीतल्या आजींची जखम बांधायला चालत गेले. अर्ध्या तासाचं काम.

परतले तर खिडकीतली खुर्ची रिकामी. शाल खाली पडलेली, मागचं दार सताड उघडं. मी पुढचं दार तसंच उघडं टाकून बागेत धावले. तिसरी कुंडी आडवी झाली होती. शेडला बाहेरून कडी होती. ती सरकवली, आवाज नाही.

मामंजी जमिनीवर पडले होते. हातात सायकलचा पंप. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. असे पाय मी कामावर पाहिलेत. खुबा मोडला होता.

"शेडचं दार उघडं दिसलं म्हणून आलो," ते म्हणाले. "मागून ढकललं गं कोणीतरी. मला पाऊलच ऐकू आलं नाही." मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "दोन्ही गेल्या, सूनबाई. बत्तीस वर्षांत एक खिळा जाऊ दिला नाही मी, आणि तुझी सायकल गेली. आता तुझं काम जाईल."

माझ्याच्याने ते बघवेना. मी गुडघ्यांवर बसले, तो पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन ओरडले, "गेल्या नाहीत मामंजी! घरात आहेत! आम्हीच नेल्यात!"

"काय?"

"झोपायच्या खोलीत आहेत! पलंगापाशी!"

कुंपणापलीकडे पाचोळा वाजला. पावलं गल्लीने पुढच्या दाराकडे वळली. चालत नव्हती, पळत होती.

मी शेजारणीला हाका मारल्या, नवऱ्याला हाका मारल्या. कोणी खिडकीत आलं नाही, रोजच ओरडणारं घर आमचं. पाय सोडून धावले असते, पण मी उठायला लागले तसे मामंजी वेदनेने कळवळले आणि मी पुन्हा बसले. तेवढ्यात घरातून आवाज आला. किणकिण. उंबऱ्याशी एकदा, पायरीवर एकदा, मग रस्त्यावर, लांब लांब जात.

मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "मग मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा पाय तसाच धरून राहिले, तेव्हा त्यांनीच मान हलवली. "जाऊ दे. तुझी सायकल आहे ना घरात?"

"आहे, मामंजी!" मी ओरडून सांगितलं.