मामांची कोरडी गोळी

कारखान्यात सगळे त्यांना वाळूमामा म्हणत. लेथवर मॅग्नेशियमचे भाग कापण्याचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. त्याचा चुरा पेटला तर पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची, हे त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. मशीनशेजारी वाळूची लाल बादली कायम भरलेली असे, आणि आसपास पाण्याची बाटली दिसली की मामांचा पारा चढलाच म्हणून समजा.

अशा माणसाला कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "रक्तदाब एकशे बासष्ट आहे. पंधरा दिवसांत उतरला नाही तर मशीन सोडून स्टोअरमध्ये बसावं लागेल." त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. "रक्तात मॅग्नेशियमही कमी आहे. त्याची वेगळी गोळी देते. पालेभाज्या, डाळी खात जा."

मामांच्या कानात शिरलं ते एवढंच, मॅग्नेशियम. घरी आल्या आल्या रक्तदाबाची गोळी त्यांनी ड्रॉवरमध्ये ढकलली.

"मॅग्नेशियम मला माहीत नाही तर कुणाला माहीत?" ते बायकोला म्हणाले. दुसरी गोळी रोज नेमाने घेऊ लागले, पण कोरडीच. घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पठ्ठ्याने पेल्याला हात लावला नाही.

"अहो, एक घोट घ्या की," बायको म्हणाली.

"मॅग्नेशियमवर पाणी? वेडी की खुळी तू?"

पंधरा दिवसांनी रक्तदाब निघाला एकशे अडुसष्ट.

"गोळ्या घेतल्यात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिवस चुकवला नाही," मामा छाती फुगवून म्हणाले.

"दोनातली एकच," शेजारून बायको म्हणाली. "तीही कोरडी."

डॉक्टरीणबाईंनी हसू कसंबसं आवरलं. "मामा, लेथला तेल घातलं म्हणून तुम्ही ब्रेक काढून ठेवता का?"

"छे, भलतंच!" मामा म्हणाले.

"मॅग्नेशियम म्हणजे तेल समजा. रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतं, दाब उतरतो तो थोडासाच. ब्रेक ती रक्तदाबाची गोळी आहे. आणि पोटातलं मॅग्नेशियम पेटत नाही, पाणी प्या."

मग मामा स्टोअरमध्ये बसले. भिंतीपलीकडून आपलं मशीन दुसऱ्याच्या हाताखाली चालताना ऐकू येई. आपल्याला आता कायमचं इथंच बसवतील, याची त्यांना खरोखर भीती वाटली. त्या दिवसापासून दोन्ही गोळ्या, भरल्या पेल्यासकट, ठरल्या वेळी पोटात जाऊ लागल्या. मीठही गेलं, जेवताना तोंड वाकडं झालं तरी.

महिन्याभराने आकडा आला एकशे बत्तीस. मामा तडक मशीनवर गेले आणि आधी त्यावरून हात फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी नवा माणूस बघतच राहिला. मामांच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, मशीनपासून मोजून दहा पावलांवर, पाण्याचा तांब्या होता. त्यामागे भिंतीवर खडूने ठळक लिहिलं होतं: हे पाणी माझ्यासाठी. मशीनसाठी वाळू.