विहिरीसमोरचा बाक

मी एक जुना बाक आहे, फणसाच्या लाकडाचा. मित्रांनो, लाकडाला फारसं काही वाटत नाही, म्हणून मी हे सगळं शांतपणे सांगू शकतो.

१९४१ साली जयराम सुताराने मला घडवलं. वसईत, अर्नाळ्याच्या वाटेवर एक चर्च होतं. तिथल्या म्हाताऱ्या फादर रुडॉल्फनी मला आपल्या घराच्या व्हरांड्यात, गावविहिरीच्या अगदी समोर ठेवलं आणि माझे चारही पाय चुन्यात पक्के बसवून घेतले.

"फादर, हितं बाक कोन चोरनार हाय?" जयराम हसला.

"मीच," फादर म्हणाले. "एखाद्या दिवशी हा आत न्यावासा वाटेल मला. तेव्हा जड गेला पाहिजे."

कुणी बाई गाऱ्हाणं घेऊन आली की फादर तिला माझ्या एका टोकाला बसवत आणि आपण दुसऱ्या टोकाला बसत. समोर बायका पाणी शेंदत. "आमी पानी भरतो आनि फादरला राखतो," त्या म्हणायच्या.

"राखा बायांनो, राखा!" फादर मोठ्याने हसायचे.

माझ्यावर बसून लोकांनी लढाईवर गेलेल्या मुलांची पत्रं वाचून घेतली, लग्नं ठरवली, भांडणं मिटवली. बसून बसून माझी पाठ गुळगुळीत झाली. असा बाक गावात दुसरा नाही, असं जो तो म्हणायचा.

मग म्हातारे फादर वारले आणि फादर ॲन्सेल्म आले. वय तिशीचं, गळा गोड. आजाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसायचे. ते चांगले होते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, चुकतात ती वाईट माणसंच.

सालोमीच्या नवऱ्याची होडी समुद्रातून परतली नव्हती. ती दर मंगळवारी यायची आणि माझ्यावर बसून रडायची. विहिरीवरच्या बायका बघत राहायच्या. फादरना तिची दया आली. बिचारीला धड रडताही येत नाही, म्हणून त्यांनी चुना फोडवला आणि मला आतल्या खोलीत नेलं. कुणी अडवलं नाही.

पहिल्या मंगळवारी दार उघडं होतं. पुढे वाऱ्याने आपटतं म्हणून लोटलं, मग ते लोटलेलंच राहू लागलं. दोघांमध्ये आधी दोन हात जागा असायची. मग एक हात. मग वीतभर. मला मोजमाप कळतं, बाकी काही कळत नाही. एका मंगळवारी फादरनी सालोमीचा हात धरला आणि सोडला नाही. दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला. सालोमी लाकडासारखी बसून राहिली. लाकूड मी ओळखतो.

"हे कुणाला सांगू नकोस," फादर म्हणाले.

ती उठून गेली. गप्प राहावं तर पुढचा मंगळवार होताच. बोलावं तर गाव तिलाच नावं ठेवणार. दोन दिवस तिने चूल पेटवली नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी तिने फादरांकडे स्वयंपाक करणाऱ्या मार्थाबायला सगळं सांगितलं.

पुढच्या मंगळवारी सालोमी आली नाही. मार्थाबाय वालाच्या शेंगांची टोपली घेऊन आली, दार सताड उघडलं आणि माझ्या मधोमध बसली.

"मार्थाबाय, स्वयंपाकघर तिकडे आहे."

"हाय ना. पन फादर हितं हाय." ती शेंगा सोलू लागली. "सालोमी येनार नाय. तिनं सांगितलं मला."

"काय सांगितलं?"

"खरं ते."

तिने मूठभर दाणे टोपलीत टाकले.

"बिशपसायबांना कळवायला पायजे," मार्थाबाय म्हणाली. "मला लिवता येत नाय. तुमाला येतं."

चार ओळी लिहायला फादरना अख्खी दुपार लागली. तोवर ती उठली नाही. तिने पत्र मोठ्याने वाचायला लावलं.

"एक ओळ ऱ्हायली," ती म्हणाली. "सालोमीचा दोष नाय, ते लिवा."

त्यांनी तेही लिहिलं. पत्र तिने स्वतः टपालात टाकलं. पंधरा दिवसांत फादर ॲन्सेल्मना वसईतून हलवलं. विहिरीवर कुणीतरी कुजबुजलंच, "तिनंच भुलवला असंल."

"दोष कोनाचा ते फादरनं आपल्या हातानं लिवलंय," मार्थाबाय म्हणाली. "मी ऐकलंय. भर पानी."

नव्या फादरनी मला पुन्हा बाहेर आणलं. सालोमी कामापुरती यायची, पण बसायची नाही. "बस ना गो," मार्थाबाय म्हणायची. "नको बाय, उभीच बरी."

पुढे वेताच्या खुर्च्या आल्या. आता मी मागच्या पडवीत नारळाच्या सोडणांखाली पडून आहे. एक पाय वाळवीने खाल्ला. त्याचं मला काही नाही.

पण मित्रांनो, एवढं ऐका. "कुणाला सांगू नकोस" असं कुणी म्हणालं, मग तो झग्यातला असो की घरातला, तर त्याच दिवशी सांगा. कुणी तुम्हाला येऊन सांगितलं तर हातातलं काम बाजूला ठेवा. आणि मोठे व्हाल, चारचौघांत तुमच्या शब्दाला मान मिळू लागेल, तेव्हा तुम्हाला अडवू शकेल असं एक माणूस आपणहून जवळ ठेवा. फादर ॲन्सेल्मनाही तसं माणूस मिळालं, पण एक मंगळवार उशिरा.