दिवेलागणीनंतरचा ब्रश

शेवटची तार निघाली, डॉक्टर भावसारांनी हेतवीच्या हातात आरसा दिला, आणि पोरीचा चेहरा फुलला तो तिथंच मावळला. दात सरळ झाले होते, अगदी एका ओळीत. पण जिथं दोन वर्षं धातूच्या चिपा चिकटवल्या होत्या, तिथं कडेकडेनं पांढरेफटक चौकोन उमटले होते.

"अगंबाई, हे काय?" तिची आई जिगीषाबेन उठून उभीच राहिली.

"तारेनं आपलं काम चोख केलं, जिगीषाबेन," डॉक्टर म्हणाले. "ती रोज जरासं ओढते, दाताच्या पुढचं हाड विरतं, मागे नवं भरतं, दात सरकतो. पण तारेत अडकलेलं अन्न कोण काढणार? त्याचं आम्ल होतं, ते दाताचं वरचं कवच खातं. दर खेपेला बजावत होतो. काय गं, रात्री ब्रश करत नव्हतीस ना?"

हेतवीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. "आळस केला, डॉक्टर."

आळस? ह्या पोरीने? चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर तिथंच तिच्या शेजारी उभा होता.

चातुर्मासात मायलेकींनी जैनांचा चौविहार धरला होता. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. धरला म्हणजे काय, उपाश्रयात महाराजसाहेबांपुढे उभं राहून आईनेच हौसेने दोघींची नावं सांगितली. आणि घरच्या खाकऱ्याच्या धंद्यातल्या ऑर्डरी पुऱ्या करता करता रोज ताट वाढायला उशीर. पोरगी गपागप गिळायची, तोवर सूर्य बुडालेला.

"मम्मी, दोनच मिनिटं. चूळ भरून ब्रश करते."

"आता तोंडात पाणी? नियम मोडायचाय का? सकाळी कर."

झालं. तारेत अडकलेला खाकरा रात्रभर तिथंच. चार महिने! अर्धा तास आधी तवा उतरवला असता तर नियमही राहिला असता आणि दातही. पण नाही. बाईला ऑर्डर हवी, पुण्य हवं, वर बायकांनी "काय गुणी मुलगी!" म्हटलेलंही हवं.

"डाग जातील ना?" जिगीषाबेनने कसंबसं विचारलं.

"थोडे फिके होतील. पुरते जाणार नाहीत. आणि आता रात्री ही प्लेट न चुकता लावायची, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी पळतील."

रिक्षात हेतवी बाहेर बघत बसली. पुढे आलेल्या दातांपायी आत्येभाऊ तिला ससा म्हणायचे, म्हणून ती लहानपणापासून तोंडावर हात धरून हसायची. तार आवळली की दोन-दोन दिवस नुसत्या खिचडीवर राहिली, पण कुरकुरली नाही. हात काढून हसायचं, एवढंच तिला हवं होतं. जिगीषाबेनला सगळं आठवत होतं.

घरी पोचतात तोच शेजारच्या प्रवीणाबेन गूळ-तुपाच्या सुखडीची वाटी घेऊन हजर. "दाखव गं दात! चार महिने चौविहार केलेली पोर, पुण्यानं तोंड उजळलं असणार!"

हेतवीचे ओठ घट्ट मिटले.

"पुण्य मी घेतलं, प्रवीणाबेन," जिगीषाबेनच्या तोंडून निघून गेलं. "डाग तिच्या दातांवर पडले. ती ब्रश करू दे म्हणत होती, मीच करू दिला नाही."

प्रवीणाबेन वाटी ठेवून गुपचूप निघून गेल्या. उद्या गल्लीभर होईल. होऊ दे.

संध्याकाळचं ऊन अजून समोरच्या गच्चीवर होतं. ऑर्डरीची अर्धी कणीक तशीच ठेवून जिगीषाबेनने गॅस बंद केला, ताट वाढलं, आणि लेकीपुढे हात जोडले. संवत्सरीला तिने सगळ्या भावनगरची क्षमा मागितली होती, सुरतेच्या नणंदांनाही फोन केले होते. ह्या एकीची तेवढी राहिली होती.

"मिच्छामि दुक्कडम्, बेटा."

"मम्मी! संवत्सरी होऊन महिने झाले!" हेतवीला खुदकन हसू आलं.

आणि हसता हसता तिचा हात तोंडावर गेला.