उलट्या डोळ्यांची ओळ

मुकादमानं गुडघे टेकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या खुंटाच्या बुडाशी बोट लावलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. दहाव्या खुंटापाशी तो थांबला आणि न उठताच म्हणाला,

"पोरी, ही ओळ कुणी भरली?"

"मी." तिच्या आवाजात ऐट होती. असणारच. एकटीनं भरलेली पहिली ओळ, दोनशे चाळीस खुंट, आणि रात्रभर पाठ धरली होती ती वेगळीच.

"सगळे डोळे उलटे बसवलेस."

आता डोळे भरणं म्हणजे काय, तर सफरचंदाच्या चांगल्या झाडाच्या काडीवरचा कोंब सालीसकट चाकूनं उचलायचा आणि रानटी खुंटाच्या सालीत चीर पाडून आत सरकवायचा. त्या कोंबालाच डोळा म्हणायचं. त्याच्या खाली पानाचा देठ तेवढा ठेवतात, धरायला बरा. देठ खाली, डोळा वर. पोरीच्या ओळीत देठ वर होते आणि डोळे खाली. एक नाही, दोन नाही, दोनशे चाळीस.

मागे मावशी उभी होती. पोरीनं भरलेल्या प्रत्येक डोळ्यावर कालच्या दिवसात पट्टी गुंडाळली होती ती हिनंच.

"माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "मला गुंडाळायला सांगतात, बघायला नाही."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. नीट हसता यावं म्हणून.

"ही कॉलेजात झाडांचंच शिकते ना हो? मग वर-खाली शेवटच्या वर्षाला शिकवतात वाटतं!"

पोरीचे कान लाल झाले. तिला चूक कुठं झाली ते तिथंच उभ्या-उभ्या उमगलं होतं. ती डावखुरी. पहिल्या दिवशी मुकादमच म्हणाला होता, "डावरी आहेस ना? मग शेजारी बसू नकोस, समोर बस. आरशात बघतेस असं समजून कर." तिनं तसंच केलं. पण त्याच्या हातातल्या काडीचा शेंडा त्याच्या छातीकडं होता, आणि समोरून बघणाऱ्या पोरीला तो आपल्यापासून लांब जाणारा दिसला. तिनं आपली काडी तशीच धरली, शेंडा लांब. झालं. तिथून पुढं जे काही केलं ते अगदी मन लावून उलटं केलं.

मालकीणबाई ओळीच्या टोकाला आल्या. त्यांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"खुंटांच्या मागच्या बाजूनं नवे डोळे नीट भरून घ्या. आणि हिला उद्यापासून पाण्याच्या नळीवर घाला."

पाण्याची नळी म्हणजे सुट्टी संपेपर्यंत चिखल. तेही एक वेळ चाललं असतं. पण रोपवाटिकेत पुढल्या वर्षापासून डोळे भरायला कायमचा एक माणूस हवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पोरीला ती जागा हवी होती. तिचा बाप शिंपी. तो म्हणायचा, "झाडं वाचून लागत नाहीत, बाळ. कापड वाचून कुणी सदरा शिवलाय का?" शेवटचं वर्ष झालं की त्याला दाखवायचं होतं तिला.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली.

"काय राहू द्या?"

"ओळ. झाडाला वर कुठं असतं ते कळतं. बी कसंही पडलं तरी कोंब वरच येतो की."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मी परत तोंड दाखवणार नाही."

बाईंनी मुकादमाकडं बघितलं. तो चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "एका ओळीनं वाडी बुडत नाही."

तेवढं बोलला आणि पुढच्या ओळीकडं गेला.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'प्रोफेसर'. डबे खायला सगळे फाटकाजवळच्या जुन्या झाडाखाली बसायचे. ते झाड जमिनीपासून वीतभर वर गुडघ्यात मोडल्यासारखं आडवं गेलेलं, आणि तिथून सरळ आभाळात. वाडीतलं सगळ्यात जुनं झाड, मुकादम कामाला लागला त्या वर्षीचं. किती वादळं खाल्ली त्यानं, कुणी मोजली नाहीत. ते वाकलं कशानं यावर रोज वाद.

"बैलगाडी घासली," मावशीचं ठरलेलं.

"बकरीनं शेंडा खाल्ला," ट्रॅक्टरवाला. "प्रोफेसर, तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?"

"पुस्तकात बकरी नाही," ती म्हणायची. मुकादम या वादात कधी पडला नाही. तो आपला डबा उचलून सावलीबरोबर सरकायचा.

हात तिचा हळूहळू बसत चालला. डोळे आता सुलटे जात होते, पण चाकू मात्र तिचं ऐकत नव्हता. सालीखालून सरळ जायच्याऐवजी लाकडात घुसायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "हा चाकूच वाकडा आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मावशीनं लगेच टोमणा मारला.

मुकादमानं वर बघितलं आणि तिच्या डाव्या हातातला चाकू निरखला. त्याचा स्वतःचा हात सुरेख होता, पण संथ. इतक्या वर्षांत त्याचा एक डोळा वाया गेला नव्हता, आणि इतक्या वर्षांत तो कुणाच्या आधी ओळ संपवूनही उठला नव्हता.

तीन आठवड्यांनी देठ बघायची वेळ आली. डोळा धरला असेल तर देठ पिवळा पडतो आणि बोट लावताच गळतो. मेला असेल तर वाळून चिकटून बसतो, उधारीवाल्या पाहुण्यासारखा. पोरीनं स्वतः हात लावला नाही. मावशी ओणवी होऊन पुढं, पोरगी वही घेऊन मागे.

"गळला. गळला. गळला. हा मेला. गळला..."

दोनशे एकतीस.

मावशीनं कंबर सरळ केली. "अगं, माझ्या बांधण्यातच जादू आहे."

ट्रॅक्टरवाल्यानं भरलेल्या ओळीत दोनशे दहा निघाले होते. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. पण बाई म्हणाल्या, "धरणं निराळं आणि झाड होणं निराळं. थंडी जाऊ दे, मग बघू."

सुट्टी संपली. पोरगी हॉस्टेलवर गेली. सकाळी तास, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी मेसच्या मागच्या खोलीत टेबल टेनिस. टेबलाला मधोमध चीर होती आणि जाळी बुटाच्या नाड्यांची. तिथं तिच्या डाव्या हाताला मान होता. तिची सर्व्हिस येताना वाटायची एकीकडं आणि वळायची भलतीकडं. अख्ख्या हॉस्टेलला तिनं रडवलं होतं. रात्री झोपायच्या आधी मात्र ती काड्या घेऊन बसायची.

"तुझ्या काड्या माझ्या उशीखाली कशा आल्या?" खोलीतली मैत्रीण ओरडायची. "लग्नात तुला करवत देणार आहे मी."

थंडी ओसरली. डोळ्याच्या वरचा रानटी खुंट कापून टाकला की आतला डोळा जागा होतो. एका दुपारी मावशीचा फोन आला.

"फुटले तुझे डोळे."

"किती?"

"सगळे. पण जमिनीकडं तोंड करून. शाळेत मार खाल्लेल्या पोरांसारखे माना खाली घालून उभे आहेत. बाई रोज बघतात आणि काही बोलत नाहीत. बाई बोलत नाहीत ते वाईट."

त्या दिवशी ती टेबल टेनिसात पहिल्या वर्षाच्या पोरीकडून हरली.

आठ दिवसांनी परत फोन. "वळायला लागले गं! कोपर वाकवून वर निघाले." आणि पुढच्याच महिन्यात तिसरा. या वेळी मावशीचा आवाज दमलेला होता. "काल वारा आला. दोन दिवस झोडपत होता. वाडीची दैना झालीये."

"माझी ओळ?"

"येऊन बघ. फोनवर नाही सांगत."

रविवारी पहिल्या बसनं ती गेली. फाटकातून आत आली तर पायाखाली हिरवे फुटवे पडलेले, हात-हात लांबीचे, सालीपासून निखळून आलेले. सरळ वाढलेला फुटवा वाऱ्यात झुलला की जोडातनं उपसून येतो, दार बिजागरीतनं निघावं तसा. ट्रॅक्टरवाला स्वतःच्या ओळीत बसून उरलेल्यांना काठ्या बांधत होता. त्यानं तिला बघितलं आणि नुसतंच हनुवटीनं पुढं दाखवलं.

तिची ओळ उभी होती.

दोनशे एकतीस झाडं. प्रत्येकाच्या बुडाशी एक रुंद कोपर, खुंटाला खांदा लावून बसलेलं, आणि त्यावरून सरळ वर गेलेला फुटवा. वाऱ्यानं पानं फाडली होती. जोड एकही सुटला नव्हता. काठी एकालाही नव्हती. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग परत आली, मग कुणी बघत नाही असं वाटून तिनं एक उडी मारली.

"बघितलं हं!" मावशी ओरडली.

मालकीणबाई आल्या. या वेळी त्या वाकल्या. एक झाड धरून त्यांनी जोरात हलवलं, दुसरं हलवलं.

"काय म्हणाली होतीस? झाडाला वर कळतं?"

"हो, बाई."

"परीक्षा कधी संपते?"

"पुढच्या महिन्यात."

"मग त्याच्या दुसऱ्या दिवशी ये. कायमची. आणि येताना हे उलटं कसं भरतात ते यांना शिकवायची तयारी करून ये. वाऱ्याच्या बाजूच्या चारही ओळी तशाच हव्यात मला."

ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढली. "प्रोफेसर," तो म्हणाला, "समोर बसायचं का शेजारी?"

"शेजारी," ती म्हणाली. "तू उजवा आहेस. समोर बसलास तर उलट्याचं पुन्हा सुलटं करशील." मावशी हसता-हसता खाली बसली.

मुकादम तेवढ्यात अवजारांच्या खोलीतून आला. त्यानं खिशातून एक जुना घडीचा चाकू काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"हा वापर."

तिनं पातं उघडलं. पायाशी पडलेला एक फुटवा उचलून त्याच्यावर चालवलं. पातं सालीखालून सरळ गेलं, लाकडात न घुसता, आणि डोळा अलगद सुटून तिच्या अंगठ्यावर आला. तिनं पुन्हा केलं. मग पातं उन्हात धरलं. धार दुसऱ्या बाजूनं, डाव्या हातासाठी लावलेली होती. आणि मुठीवर वर्षानुवर्षं अंगठा टेकून पडलेला खळगा होता. तिचा डावा अंगठा त्यात नीट बसला.

"कुणाचा हा?"

"पडून होता," मुकादम म्हणाला आणि डब्याची पिशवी घेऊन फाटकाकडं चालू लागला.

जेवायला सगळे जुन्या झाडाखाली बसले. पोरगी शेवटी आली. बसण्याआधी तिनं खोडाच्या गुडघ्यावर हात ठेवला. जमिनीपासून वीतभर. आत जाणारं रुंद कोपर, खुंटाला खांदा लावलेलं. तिनं हात तसाच ठेवला आणि मुकादमाकडं बघितलं. तो घास चावत होता. फार सावकाश चावत होता.

"काय प्रोफेसर," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आज तरी निकाल लावा. बकरी का गाडी?"

मुकादमाचा घास थांबला.

"बैलगाडी," ती म्हणाली. "मावशीचंच खरं."

"बघ! मी म्हणत नव्हते?"

ती मुकादमाशेजारी बसली आणि चाकू मिटून डाव्या खिशात टाकला. त्यानं आपल्या डब्याचं झाकण तिच्याकडं सरकवलं, आणि पुढचा घास घेतला.