धुवायला गेलेला कोट

मी एक जुना काळा कोट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी रागावलेला आहे. कोटाला कसला आलाय राग, असं म्हणू नका. चाळीस वर्षं गप्प बसून बघा, म्हणजे कळेल.

मला शिवलं ते तुलारामच्या फोटो स्टुडिओसाठी. स्टुडिओ वरठीला, स्टेशनच्या रस्त्यावर. शिंप्याने मला पुढून झकास शिवलं आणि मागून मात्र उभं चिरून नाड्या लावल्या, कारण मी कुणा एकाचा नव्हतोच. जाड्याला नाड्या सैल, बारक्याला घट्ट. फोटोत पाठ कोण बघतो! कारखान्यातून सुटलेला कामगार सायकल भिंतीला टेकवून आत यायचा, खाली लुंगी तशीच, पण मला चढवलं की ताठ बसायचा. नवरदेव, मास्तर, सरपंच, सगळे माझ्यात बसून गेले. माझं तिसरं बटण तुटलं तेव्हा तुलारामने घाईत तपकिरी लावलं, तेही कुणाला खटकलं नाही. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी गोमाजी आला. नुकतं लग्न झालेलं. बायकोला, पुष्पाबाईला, सायकलच्या कॅरिअरवर बसवून आंधळगावहून आणलं होतं. अंगात पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा.

"कोट द्या ना जी," तो म्हणाला.

"कोन्या मोहल्ल्यातला तू?" तुलारामने विचारलं. गोमाजीने सांगितलं. बौद्धांचा मोहल्ला. तुलारामचा आवाज गोडच राहिला. "अरे, कोट धुवाले गेला ना बाप्पा! शर्टावरच काढू, मस्त येते."

धुवायला! शिवल्यापासून मी पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. मी तिथेच पडद्यामागे खुंटीला होतो आणि माझी एक बाही पडद्याच्या कडेने बाहेर आली होती. गोमाजीने ती पाहिली. खुर्चीवर बसला, पुष्पाबाई शेजारी उभी राहिली, फोटो निघाला. तासाभराने धान व्यापाऱ्याचा मुलगा जागेश्वर आला आणि तुलारामने मला त्याच्या अंगात चढवलं. त्या वेळी माझ्या नाड्या तुटायला हव्या होत्या. तुटल्या नाहीत. मला तुलारामचा संताप येतो तसा स्वतःचाही येतो.

पुढे कॉम्प्युटर आला. तुलारामचा मुलगा मनिष आता फोटोतल्या माणसांना तयार कोट चिकटवतो, टायसकट. मला त्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली अंथरलं. ॲसिडने माझा खिसा जळाला. कुणाला त्याचं काय!

तिथून मला काढलं तृप्तीने. ही गोमाजीची नात. नागपूरला फोटोग्राफी शिकते. तिने आधी बगळे, तलाव, धुकं असले फोटो काढले होते. "कॅलेंडर छान होईल," असं तिचे सर म्हणाले आणि ती चिडून गावी आली. तिथे एका घरी चहा पिताना तिला भिंतीवर कोटातला माणूस दिसला. दुसऱ्या घरी दुसरा. माणूस वेगळा, कोट तोच, तिसरं बटण तपकिरी! मग काय, ती घरोघरी भिंतींचे फोटो काढत सुटली. बावीस घरं, बावीस माणसं आणि एकटा मी. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्या फोटोंसाठी तिला एक अख्खी भिंत मिळाली. तिची पहिली भिंत. आणि मग तिचं लक्ष स्वतःच्या घरातल्या, आजोबांच्या शर्टावरच्या फोटोकडे गेलं.

"आबाजी, तुमी काहून नाही घातला कोट?"

"धुवाले गेला होता," म्हणून गोमाजी उठून अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. मनिषने बॅटरी सरकवून मला ओढलं. "ने ना, कचराच आहे." घरी तिने मला खाटेवर पसरलं. गोमाजीने माझ्या तपकिरी बटणावर बोट ठेवलं.

"आला का धुऊन? चाळीस वर्षं लागली तुले?"

"कुठचा धुवाले गेला होता!" पुष्पाबाई आतून म्हणाली. "पडद्याच्या कडेले बाही दिसत होती."

गोमाजी वळला. "तुले दिसली होती?"

"दिसली. तुमाले वाईट वाटन म्हून नाही बोलली."

"मी बी तुह्यासाठीच चूप होतो."

चाळीस वर्षं, मित्रांनो! एका घरात, एका फोटोखाली, दोघं एकमेकांपासून माझी बाही लपवत होते.

"जाळून टाकते याले," तृप्ती रडत म्हणाली. मीही मनात म्हटलं, जाळच.

प्रदर्शन भरवणाऱ्या वीरेंद्रला तिने फोनवर हे सांगितलं, तर तो खूशच झाला. "आजोबांना आता तो कोट घाल! डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम." मेल्या, तुला पाणी पाहिजे? गोमाजीने ऐकलं आणि मान हलवली. "तवा मांगितला तवा नाही देला. आता मले नाही पायजे. शर्टावरच काढ. अन् त्याले मांगं खुंटीले टांग, पुरा दिसला पायजे."

तृप्तीने तसाच फोटो काढला आणि तोच पाठवला. हा लागेल, नाहीतर भिंत नको, असं कळवलं. भिंत गेली. वीरेंद्रने ती दुसऱ्या कुणाच्या बगळ्यांना दिली.

मग तिने तेवीस फोटो आंधळगावच्या शाळेच्या वऱ्हांड्यात लावले आणि शेवटच्या फोटोशेजारी मलाही खुंटीला टांगलं. गाव लोटला. जो तो आपला बाप, आपला काका शोधत होता. म्हातारा जागेश्वर काठी टेकत आला, स्वतःचा फोटो बघून हसला आणि शेवटच्या फोटोपाशी थांबला. बाजूलाच गोमाजी उभा होता.

"कोट त मांगं टांगून आहे. तू काहून नाही घातला गा?"

मी खुंटीवर श्वास रोखला. आता हा पुन्हा "धुवाले गेला होता" म्हणणार, असं मला वाटलं.

"देला नाही," गोमाजी मोठ्याने म्हणाला. "तुले देला. मले नाही देला."

पुष्पाबाई पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, त्या फोटोत उभी होती तशीच.

मित्रांनो, मला जपा, मला डांबराच्या गोळ्या घाला, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात शर्टावरचा असा एखादा फोटो असेल तर आजोबांना विचारा. ते उठून अंगणात गेले तर मागे जा आणि पुन्हा विचारा. मी एकदाही धुवायला गेलो नव्हतो.